सत्तावन्न झरोक्यांचे ग्रंथालय

रशियातील व्हिबोर्ग हे फिनलंडच्या सीमेजवळचे शहर. तेथील बागेत उभी असलेली पांढरीशुभ्र इमारत पाहून हे ग्रंथालय असेल, असे चटकन वाटत नाही. ना घुमट, ना नक्षीदार खांब! फिनलंडचे विख्यात वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांची ही रचना १९३५ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा शहर फिनलंडचे होते आणि त्याचे नाव होते विईपुरी.

वाचन दालनात पाऊल टाकताच नजर वर जाते. छतात चक्क ५७ गोल झरोके आहेत! ते इतके खोल की ऊन थेट खाली उतरत नाही. झरोक्याच्या कडांवर पडून मंद उजेड सगळीकडे पसरतो. त्यामुळे वाचणाऱ्याची सावली पुस्तकावर पडत नाही. व्याख्यान दालनाचे लाकडी छत लाटांसारखे आहे. तेही शोभेसाठी नव्हे, तर बोलणे मागच्या रांगेपर्यंत नीट ऐकू यावे म्हणून. बालवाचकांना तर बागेच्या बाजूने वेगळे प्रवेशद्वार!

१९४४ मध्ये शहर सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेले. युद्धानंतर सुमारे दहा वर्षे इमारत ओसाड होती. लाकडी छत नष्ट झाले. फिनलंडमध्ये तर ती उद्ध्वस्त झाल्याचाच अनेकांचा समज होता. १९६१ मध्ये ग्रंथालय पुन्हा सुरू झाले. परंतु दुरुस्ती करणाऱ्यांजवळ आल्टो यांचे मूळ नकाशे नव्हते. पुढे १९९० च्या दशकात रशियन व फिनिश तज्ज्ञ एकत्र आले आणि टप्प्याटप्प्याने चाललेले काम २०१३ मध्ये पूर्ण झाले.

ज्या शहरासाठी दोन देश लढले, त्याच शहरातले ग्रंथालय दोन्हीकडच्या माणसांनी मिळून वाचवले.