दसरा मेळावा (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातील दसरा मेळावा हा राजकीय निष्ठेने भक्तीचे रूप घेतल्याचे ठळक उदाहरण होय. या भागात ‘गड’ हा शब्द किल्ल्यापेक्षा संतांच्या स्थानासाठी अधिक रूढ आहे. जिल्ह्याच्या सीमेलगतच्या भगवानगडावर (ता. पाथर्डी) संत भगवानबाबांच्या (१८९६–१९६५) दर्शनास येणाऱ्या, प्रामुख्याने वंजारी समाजातील भाविकांसमोर गोपीनाथ मुंडे दसऱ्याला भाषण करीत. भाविक कोण आणि कार्यकर्ता कोण, हे तेव्हाही सांगणे कठीणच होते.

मुंडे यांच्या निधनानंतर (२०१४) महंत नामदेवशास्त्री यांनी गडावरून राजकीय भाषण करण्यास मनाई केली. त्यामुळे २०१६ मध्ये पंकजा मुंडे यांनी पायथ्याशी मेळावा घेतला, २०१७ पासून तो भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाट (ता. पाटोदा) येथे भरू लागला. व्यासपीठ हलले, संताचा आधार मात्र सुटला नाही. परळीजवळील मुंडे यांच्या स्मारकाचे नावही ‘गोपीनाथगड’ असेच आहे.

२०२४ च्या दसऱ्याला सावरगावच्या मेळाव्याबरोबरच मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचा मेळावा याच जिल्ह्यातील नारायणगडावर झाला.