टोपलीतला मासा कुठल्या नदीचा?

स्टर्जन गोदावरीत नाही, मांजरेतही नाही. फोनवरचा फोटो दाखवून "हा आपल्याकडं मिळतो का?" असं विचारणारे नांदेडच्या मासळी बाजारातही भेटतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. स्टर्जन उत्तर गोलार्धातला: कॅस्पियन आणि काळा समुद्र, व्होल्गा, डॅन्यूब, यांगत्से, उत्तर अमेरिकेतल्या नद्या. अंगावर हाडाच्या कठीण चकत्यांच्या पाच रांगा, तोंड खालच्या बाजूला, तोंडापुढं चार मिशा, शेपटीची वरची पाती लांब. उजनी धरणात सापडणारा सकर मासाही असाच चिलखत घातलेला असल्यामुळं घोटाळा होतो. पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांमधून आपल्या पाण्यात आलेला. त्याच्या पाठीवरचा पर शिडासारखा उभा राहतो.

नुसत्या मिशांवर भिस्त ठेवू नये. शिवड्यालाही चारच असतात, दोन लांब आणि दोन आखूड. त्याचं तोंड मात्र डोळ्याच्याही मागपर्यंत फाकतं आणि अंगावर खवला नसतो. शिंगाळ्याला आठ मिशा. विकणारे मामा यातलं काहीच मोजत नाहीत. मोठं डोकं आणि वर वळलेला खालचा जबडा दिसला की कटला. रोहू आणि मृगळ शेजारी पडले असतील तर ते अंगठ्यानं ओठ खाली ओढतात. "ह्याला झालर हाय, म्हून रोहू. मिरगळाचा ओठ पातळ." वाम ओळखायची तर पाठीवरून बोट फिरवायचं, काट्यांची रांग हाताला लागते. समुद्रात जन्मून गोदावरीत चढणाऱ्या खऱ्या ईलची पाठ गुळगुळीत असते.

नाव कळलं तरी मासा कुठला हे उरतंच. रोहू गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतला. असे मासे पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, तळ्याच्या साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरींनी माशांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली, आणि बीज हवं तिथं तयार करता येऊ लागलं. त्यानंतर रोहूचा मुलूख वाढवला तो ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी. नांदेडशेजारच्या विष्णुपुरी जलाशयातला रोहू पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं.

लातूरकडं हेच जास्त उघडं दिसतं. मांजरा बालाघाटात उगम पावते आणि कर्नाटक-तेलंगणातून फिरून गोदावरीला मिळते. तिच्यावरचं धनेगावचं धरण आटलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा धरणात पुन्हा पाणी आलं की मासा एक तर नदीच्या डोहांत तगून राहिलेला, नाही तर बोटुकली म्हणून सोडलेला. त्याला मांजरेचा म्हणायचं का, यावर मी अजून स्वतःशीच भांडतो.

स्टर्जनचं घोडं अडलं ते वाटेवर. त्याच्या बहुतेक जाती समुद्रातून नदीत चढून अंडी घालतात. डॅन्यूबवरचं आयर्न गेट्स धरण १९७२ मध्ये पुरं झालं आणि वरच्या अंगाला जायची त्याची वाट बंद झाली. गोदावरीत असा प्रवासी हिलसा. बंगालच्या उपसागरातून पावसाळ्यात तो वर येतो आणि दौलेश्वरमच्या बंधाऱ्याशी अडतो. नांदेडपर्यंत यायला त्यापुढं श्रीरामसागरची भिंतही ओलांडावी लागेल. त्याच्याही वरच्या अंगाला, धर्माबाद तालुक्यात, बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं होतं, माशांचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. पण नेमके हेच दिवस माशांच्या चढणीचे, त्यामुळं श्रीरामसागरच्या फुगवट्यातल्या शिवड्याला पावसाळ्यात तेवढा एक अडथळा कमी होतो.