अ‍ॅम्प्लिफायरमधला मेंदू

- प्रतिनिधी

गणेशोत्सव जवळ आला की महाराष्ट्रातील गावोगावी ‘डॉल्बी’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि छातीत धडधड निर्माण करणारे ठोके, एवढाच त्याचा येथील अर्थ. वास्तविक रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये स्थापन केलेली कंपनी प्रथम प्रसिद्धीस आली ती ध्वनिमुद्रणाच्या फितीतील खरखर कमी करणाऱ्या तंत्रामुळे. नको असलेला आवाज घालवणाऱ्याचे नाव कानठळ्यांना मिळावे, हा नियतीचा विनोदच म्हणायचा. मात्र ज्यांच्या जिवावर ही भिंत बोलते, ती यंत्रे भिंतीच्या आड किंवा बाजूच्या पेट्यांत दडलेली असतात आणि त्यांची चर्चा सहसा होत नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत या यंत्रांत मोठे स्थित्यंतर झाले आहे. पूर्वीचा अ‍ॅम्प्लिफायर हा केवळ बलदंड हमाल होता. आता त्याच्या डोक्यात गणित करणारा मेंदूही बसवलेला आहे.

बळ कोठून येते?

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत संकेत काही हजारांश व्होल्टचा असतो. मिक्सरमधून बाहेर पडताना तो एखाद-दुसऱ्या व्होल्टपर्यंत वाढतो. स्पीकरचा जड पडदा हलवायचा तर तेवढ्याने भागत नाही. ८ ओहमच्या स्पीकरला ५०० वॉट शक्ती पुरवण्यासाठी सुमारे ६३ व्होल्टचा दाब आणि जवळपास ८ अ‍ॅम्पिअर प्रवाह लागतो. मूळ संकेताचे रूप तसेच ठेवून त्याला हे बळ देणे, हे अ‍ॅम्प्लिफायरचे मूळ काम. नळाच्या तोटीशी त्याची तुलना करता येईल. पाणी टाकीतले, तोटी फक्त ते किती सोडायचे हे ठरवते. येथे टाकी म्हणजे वीजपुरवठा, तोटी म्हणजे ट्रान्झिस्टर आणि तोटी फिरवणारा हात म्हणजे गायकाच्या आवाजाचा संकेत.

जुन्या पद्धतीत ही तोटी सतत अर्धवट उघडी असे. अडवलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. ‘क्लास बी’ पद्धतीच्या रचनेची कमाल कार्यक्षमता तत्त्वतः ७८.५ टक्के असते. प्रत्यक्ष संगीतात ती याहून पुष्कळ कमी भरते. त्यामुळे अवजड ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आणि घोंघावणारे पंखे अपरिहार्य ठरत. एकेक अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसे लागत, ही आठवण जुने साऊंडवाले आजही सांगतात.

‘क्लास डी’ने हे चित्र बदलले. यात तोटी एक तर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. मधली अवस्था जवळपास नाहीच. ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते. संकेत मोठा असेल तेव्हा उघडे राहण्याचा काळ वाढतो, लहान असेल तेव्हा घटतो. शेवटी वेटोळे आणि कपॅसिटर यांची गाळणी ही वेगवान उघडझाप गाळून टाकते आणि मूळ आवाजाचा आकार, पण शतपट बळाचा, स्पीकरच्या तारेत उतरतो. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास पोचते. वीजपुरवठाही याच उघडझापीच्या तत्त्वावर चालू लागल्याने जड ट्रान्सफॉर्मर गेला. आज हजारो वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर एक माणूस काखोटीला मारून नेऊ शकतो.

मेंदू कसा बसला?

मोठ्या कार्यक्रमात संकेत थेट स्पीकरला देऊन चालत नाही. खर्जासाठी वेगळी पेटी, मध्यम स्वरांसाठी वेगळी, तारस्वरांसाठी वेगळा कर्णा असतो. संकेताचे असे भाग पाडणारा क्रॉसओव्हर, स्वरांचा समतोल साधणारा इक्वलायझर, विलंब लावणारे यंत्र आणि मर्यादा घालणारा लिमिटर अशा स्वतंत्र पेट्या पूर्वी एकावर एक रचाव्या लागत. त्यांच्यामधील तारांचे जंजाळ आणि त्यातील एखादी सैल पिन शोधण्यात कार्यक्रमापूर्वीचा अर्धा वेळ जाई. १९९० च्या दशकात ही कामे एकाच डिजिटल पेटीत एकवटली. त्यानंतरच्या दशकात ती पेटीही अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात गेली. अमेरिकेतील ‘क्राऊन’, स्वीडनमधील ‘लॅबग्रुपेन’ आणि इटलीतील ‘पॉवरसॉफ्ट’ या कंपन्यांच्या यंत्रांनी ही पद्धत जगभरच्या मंचांवर रुळवली.

याला ‘डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग’ अर्थात डीएसपी म्हणतात. आत येणाऱ्या संकेताची सेकंदाला ४८ हजार किंवा ९६ हजार वेळा मोजणी होते. प्रत्येक मोजणी २४ बिटांची, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्यांच्या मोजपट्टीवरची. एकदा आवाज आकड्यांत उतरला की पुढचे सारे गुणाकार-बेरजेचे काम. हे सारे गणित एक-दोन हजारांश सेकंदांत उरकते, त्यामुळे कानाला उशीर जाणवत नाही.

वाटणी आणि वेळ

पहिले काम वाटणीचे. तारस्वरांच्या नाजूक पडद्यात खर्जाची शक्ती घुसली तर तो फाटतो. त्यासाठी बहुधा ‘लिंकविट्झ-रायली’ पद्धतीची गाळणी वापरतात. झिगफ्रिड लिंकविट्झ यांनी १९७६ साली ती मांडली. सहकारी रस रायली यांचे नावही तिला जोडले गेले. तिच्या प्रचलित प्रकारात सीमेपासून एक सप्तक दूर गेले की संकेत २४ डेसिबलने घटतो, म्हणजेच शक्ती अडीचशेव्या हिश्श्यावर येते. सीमारेषेवर मात्र दोन्ही स्पीकरचे आवाज एकमेकांत नेमके मिसळतात. ना खड्डा पडतो, ना उंचवटा येतो.

दुसरे काम वेळेचे, आणि श्रोत्यांना सर्वाधिक जाणवणारे. २० अंश तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तारेतील वीज जवळपास तत्क्षणी पोचते. मोठ्या मैदानात मागच्या श्रोत्यांसाठी मंचापासून ३४ मीटरवर आणखी स्पीकर उभे केले, तर त्यांतून शब्द आधी ऐकू येतो आणि मंचावरचा तोच शब्द एक दशांश सेकंदाने मागून येतो. भाषणाची अक्षरे एकमेकांवर चढतात. ‘आवाज मोठा आहे, पण काही कळत नाही’ ही तक्रार अनेकदा यातूनच उद्भवते. अशा वेळी मागच्या श्रोत्यांसाठीच्या या स्पीकरचा संकेत अ‍ॅम्प्लिफायरमध्येच १०० हजारांश सेकंद रोखून धरतात.

जाणकार तंत्रज्ञ त्यात आणखी दहा-पंधरा हजारांश सेकंदांची भर घालतात. कान ज्या दिशेने आवाज आधी ऐकतो तीच त्याची दिशा मानतो, मग मागून येणारा आवाज थोडा मोठा असला तरी हरकत नसते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली हे दाखवून दिले. परिणामी मागच्या रांगेतल्या श्रोत्यालाही गायक मंचावरूनच गात असल्याचा भास होतो. रात्र चढते तशी हवा थंड होते आणि आवाजाची गती घटते. तापमान ३० अंशांवरून १८ अंशांवर आले तर १०० मीटर अंतरासाठी सुमारे ६ हजारांश सेकंदांचा फरक पडतो. थंडीच्या दिवसांतील रात्रभराच्या मैफलीत हा हिशेब पुन्हा तपासावा लागतो.

मर्यादा कोणासाठी?

तिसरे काम मर्यादेचे. अ‍ॅम्प्लिफायरच्या कुवतीबाहेर संकेत गेला की लहरींची टोके छाटली जातात. त्याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. छाटलेल्या लहरींतून जास्तीचे तारस्वर निर्माण होतात, सरासरी शक्तीही वाढते आणि बहुधा पहिला बळी ट्वीटरचा जातो. दुसरा धोका उष्णतेचा. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी काही टक्केच आवाजात रूपांतरित होते. उरलेली कॉइल तापवते. तांब्याचा रोध दर अंशामागे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की रोध पावणेदोन पटींहून अधिक होतो आणि तितक्याच व्होल्टला स्पीकर कमी शक्ती खेचतो. आवाज बसतो, तो बसला म्हणून चालक बटण आणखी चढवतो आणि कॉइल जळते.

म्हणून आतील लिमिटर दोन प्रकारचे पहारे देतो. एक क्षणिक उसळी रोखतो. त्याचा हात काही हजारांश सेकंदांत पडतो. दुसरा काही सेकंदांची सरासरी पाहून कॉइलची उष्णता आवाक्यात ठेवतो. काही यंत्रे तर जाणारा प्रवाह आणि दाब सतत मोजून स्पीकरचा रोध काढतात. भिंतीतली एखादी कॉइल तुटली, तर तंत्रज्ञाला ते लॅपटॉपच्या पडद्यावर कळते; कान लावून पेट्या धुंडाळाव्या लागत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हा लिमिटर स्पीकरचे रक्षण करतो, श्रोत्यांच्या कानांचे नव्हे. त्याची मर्यादा कॉइल किती सोसेल यावर ठरते. उलट, यंत्र जळण्याची भीती गेल्याने चालक निर्धास्त होतो आणि संकेत तासन् तास मर्यादेला टेकवून ठेवतो. उसळ्या दबतात, सरासरी वर जाते. कानाला इजा करणारी असते ती मुख्यतः हीच दीर्घकाळची सरासरी.

वॉटचे फसवे गणित

मंडळांच्या बोलण्यात वॉटचा आकडा प्रतिष्ठेचा असतो. कानाचे गणित मात्र निराळे आहे. तेवढ्याच स्पीकरला दुप्पट वॉट दिले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायचा तर सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दसपट शक्ती लागते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की एका पेटीचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. शेवटच्या रांगेसाठी पुढचेच स्पीकर चढवत नेले तर पहिल्या रांगेवर आणि शेजारच्या घरांवर अत्याचार होतो. त्यापेक्षा ठिकठिकाणी लहान स्पीकर ठेवून त्यांना योग्य विलंब लावणे शहाणपणाचे. पूर्वी हे खर्चिक होते. आता ती सोय प्रत्येक चॅनेलमध्ये अंगभूत आहे.

कायद्याची चौकटही आहे. केंद्र सरकारच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. वर्षातील मोजक्या सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना आहे.

ही मोजणी ‘ए’ प्रकारच्या डेसिबलमध्ये होते आणि त्यातच एक मेख आहे. हा मापदंड मानवी कानाप्रमाणे खर्ज कमी मोजतो. ६३ हर्ट्झच्या ठोक्यातून तो तब्बल २६ डेसिबल वजा करतो. खिडकीची तावदाने थरथरत असताना मीटरवरचा आकडा त्या मानाने सौम्य दिसतो तो यामुळे. फ्रान्सने २०१७ च्या नियमात करमणुकीच्या ठिकाणी १५ मिनिटांच्या सरासरीसाठी १०२ ‘ए’ डेसिबलबरोबरच खर्जाची दखल घेणारी ११८ ‘सी’ डेसिबलची स्वतंत्र मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली.

किल्ली माणसाच्या हाती

डीएसपी असलेला अ‍ॅम्प्लिफायर या मर्यादा पाळण्यास निश्चितच साहाय्य करू शकतो. जागेवर मापन करून कमाल पातळी ठरवायची, ती यंत्रात भरायची आणि सांकेतिक शब्दाने कुलूप लावायचे, एवढेच करावे लागते. खर्जाच्या पेट्यांसाठी वेगळी, अधिक कडक मर्यादाही घालता येते. ‘आवाज वाढव’ असा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या गराड्यात सापडलेल्या चालकाला या कुलपाचा मोठा आधार होऊ शकतो. मिक्सरवरचे बटण कितीही चढवले, तरी ठरलेल्या रेषेपलीकडे आवाज जातच नाही.

परंतु सांकेतिक शब्द ज्याच्याकडे, मर्यादा त्याच्या हाती. तेच यंत्र शास्त्रीय गायनाच्या मैफलीत शेवटच्या श्रोत्यापर्यंत तानपुऱ्याची आस पोचवते आणि तेच मिरवणुकीत रुग्णशय्येवरच्या वृद्धाची झोप उडवते. आवाज कोठे थांबवायचा, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. साऊंड ठरवताना ‘किती वॉट?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘मर्यादा किती लावली आहे?’ हा प्रश्न मंडळांनी विचारला, तर उत्सवही रंगेल आणि शेजारीही सुखाने झोपतील.