गाव एक, नोंदी दोन : हिशेबाचे तक्ते जोडताना काय सांभाळायचं?

आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या गाड्या तेलंगणातल्या येतात, तशा शेजारच्या महाराष्ट्रातूनही येतात. समजा, एका खरेदीदाराने कॉम्प्युटरवर दोन तक्ते ठेवलेत. पहिला आवकेचा : पट्टी नंबर, तारीख, गाव, क्विंटल. दुसरा गावांचा : गाव, मंडल किंवा तालुका, जिल्हा, राज्य. दोन्ही जोडले की कुठून किती माल आला, ते लगेच कळतं.

पण जोडायचं कशावर? गावाच्या नावावर नको. पिंपळगावं एकट्या महाराष्ट्रातच कितीतरी आहेत, आणि तेलुगूतलं नाव मराठीत लिहिताना बदलतं. म्हणून प्रत्येक गावाला आपला एक कोड द्यावा. गावांच्या तक्त्यात तो एकदाच यावा. आवकेत हजारदा आला तरी चालेल. याला 'वन टू मेनी' नातं म्हणतात.

आता जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्या हद्दीवरचं परमडोली घ्या. गावावर दावा दोन्ही राज्यांचा. अनेकांकडे रेशनकार्डंही दोन्हीकडची. म्हणून गावांच्या तक्त्यात परमडोलीच्या दोन ओळी केल्या, तर २० क्विंटलची एकच गाडी जोडणीनंतर दोनदा मोजली जाते आणि बेरीज ४० होते. बरेचदा कॉम्प्युटर काही बोलतही नाही. त्याच आकड्यावर मजूर, गोदाम आणि बँकेची उचल ठरली, की फटका खिशाला बसतो.

उपाय म्हणजे मधला तक्ता, अर्थात 'ब्रिज टेबल'. गावांच्या तक्त्यात परमडोली एकदाच. मधल्या तक्त्यात त्याच्या दोन ओळी : एक जिवतीची, एक केरामेरीची. एकूण बेरीज मात्र थेट आवकेवरून घ्यायची. राज्यवार पाहिलं तर २० क्विंटल दोन्हीकडे दिसतील, पण ते दोन आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत.

याच मधल्या तक्त्यात 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखाही ठेवा. ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि केरामेरी आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. तारखा नसतील तर जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना आदिलाबादची आवक एकदम घटल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात फक्त हद्द बदललेली असते.

शेवटी एक सोपी तपासणी : जोडण्याआधीची आणि नंतरची एकूण बेरीज सारखी आली पाहिजे. नाही आली, तर कुठेतरी एका गावाची दोन गावं झाली आहेत किंवा एखादं गाव गळलं आहे.