सत्तरचं पाऊण

आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींच्या गोणपाटाशेजारी सकाळभर बसले होते, मांडीवर वही घेऊन. मी सहावीला गणित शिकवते. 70 × 0.75 करताना वर्गात दशांशचिन्ह घसरतं, उत्तर 525 येतं आणि मुलं पुढच्या उदाहरणाकडे वळतात. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. सत्तर रुपये किलोची वांगी कुणी पाऊण किलो मागितली, की काट्यावरचा हात निघायच्या आत त्या म्हणतात, "साडेबावन्न."

मला वाटलं, अर्ध्याचे पस्तीस आणि पावाचे साडेसतरा अशी बेरीज असेल. विचारलं.

"बेरीज कशाला, बाई? पाऊण म्हंजे किलोतला पाव कमी. सत्तरातनं साडेसतरा गेले."

पाऊण हा शब्द मूळचा पादोन, एक पाद उणा. रीत शब्दातच आहे, आणि इतकी वर्षं मी ती वर्गात सांगितली नाही याचं मला वाईट वाटलं. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी मुलांकडून घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते, तेव्हा या पाढ्यांवाचून व्यवहार अडायचा. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग शेराच्या जागी किलो आला आणि हे पाढे मागे पडले.

पुढच्या गिऱ्हाईक बाईंनी पाऊण किलो वांगी मागितली, तेव्हा काटा 780 ग्रॅम दाखवत होता. आता कशाने गुणणार, म्हणून मी पेन सरसावलं. मावशींनी एक थोरलं वांगं उचलून त्या जागी लहानसं टाकलं. 755. "पाच वर राहू दे." अवघड आकडा आला की त्या वांगंच बदलतात! माझ्या फळ्यावरच्या उदाहरणात ही मुभा मी कधी दिली नव्हती.

त्याच बाईंनी अदपाव गवार घेतली, एकशेवीस रुपये किलोची: पावाचे तीस, निम्मे पंधरा. दीड किलो टोमॅटो, तीस रुपयांनी, पंचेचाळीस. कोथिंबिरीची जुडी दहाची. मावशींनी घेतल्या क्रमाने बेरीज केली नाही. आधी पंधरा-पंचेचाळीस साठ जुळवले, त्यात साडेबावन्न, एकशे साडेबारा, वर दहा. "एकशे साडेबावीस. आठ आणे सोडले, एकशेबावीस द्या." आणे जाऊन किती काळ लोटला, तरी अर्धा रुपया त्यांच्या तोंडी अजून आठ आणेच आहे.

बाईंनी दोनशेची नोट दिली. मावशींनी त्यांच्या तळहातावर तीन रुपये ठेवले, "सव्वाशे." पाचाचं नाणं, "एकशेतीस." विसाची नोट, "दीडशे." पन्नासची, "हे दोनशे." किती परत दिले, हे दोघींपैकी कुणीच मोजलं नाही.

मी वहीत 200 खाली 122 मांडले, हातचा घेतला. अठ्ठ्याहत्तर.