सहीचा अधिकार

मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखालीं रोज सकाळीं जो व्यवहार चालतो, तो पुष्कळ अंशीं नजरेच्या अंदाजावर चालतो. वांग्याचें देंठ पाहावें, नारळ कानाशीं हलवावा, जुडीचा भाव हातांत धरूनच ठरवावा. यांत पुणेरी गृहिणीचा हात धरणारा विरळा. या मंडईच्या पाठीमागच्या गल्लींत माझी थोरली बहीण राहते. तिच्या मुलानें इंजिनिअरिंगच्या पदवीची वाट सोडून विमानदेखभालीच्या परवान्याचा अभ्यास आरंभिला, तेव्हां तिनें मला विचारलें, "म्हणजे हा विमानाचा मेस्त्रीच होणार ना रे?" मीं त्या वेळीं हंसून वेळ मारून नेली. परंतु हा प्रश्न इतरहि घरांत निघत असेल, म्हणून त्याचें उत्तर जरा सविस्तर देतों.

पुण्याचा या विद्येशीं संबंध आजचा नव्हे. १९३२ सालीं टाटांनीं कराचीहून मुंबईमार्गें मद्रासपर्यंत विमानी टपाल सुरू केलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई. तेव्हां सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणें होत. सारें बिऱ्हाड म्हणजे किती? दोन विमानें, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक! त्या चिमुकल्या पस मॉथ विमानास एंजिन एकच. त्या तिघांना आपल्या विमानाची नाडी घरच्या घोड्याप्रमाणें ठाऊक असली पाहिजे.

आज एका माणसाला सगळीं विमानें ठाऊक असणें शक्य नाहीं, आणि सारी गोम येथेंच आहे. नागरी विमानवाहतूक महासंचालनालय जो परवाना देतें, त्याचे मुख्य वर्ग दोन. बी-१ वाल्यानें एंजिन, सांगाडा व यांत्रिक भाग पाहावा. बी-२ वाल्यानें विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणें. गणितापासून विमानविषयक कायद्यापर्यंत अनेक विषयांच्या परीक्षा. उत्तीर्ण होण्यास शेंकडा ७५ गुण लागतात. शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. हें सर्व साधलें कीं परवाना हातीं येतो आणि घरांत पेढे वाटले जातात. आमच्याकडेहि वाटले.

पण हा परवाना कोरा असतो! धारकास विमानविद्या येते, एवढेंच तो सांगतो. एअरबस ए-३२० दुरुस्त झालें, आतां तें उडण्यास योग्य आहे, अशी सही करण्याचा अधिकार त्यानें मिळत नाहीं. त्यासाठीं त्या विशिष्ट जातीच्या विमानाची नोंद परवान्यावर व्हावी लागते. तिला 'टाइप रेटिंग' म्हणतात. ३० टनांहून जड विमान असेल, तर बी-१ वाल्यास निदान १५० तास आणि बी-२ वाल्यास १०० तास नुसतें वर्गांतील शिक्षण. नंतर त्या विमानावर हातांनीं करावयाचें शिक्षण. आणि त्या वर्गांतील पहिलेंच रेटिंग असेल, तर जाणत्याच्या देखरेखीखालीं ठरलेलीं कामें करून तीं वहींत नोंदवावीं लागतात. मौज अशी कीं, ए-३२० चें अंग तेंच, पण त्यास सीएफएम-५६ एंजिन असलें तर एक नोंद, व्ही-२५०० असलें तर दुसरी. घर तेंच, पण चूल बदलली कीं स्वयंपाकीण नव्यानें शिकावी, असा हा प्रकार.

एवढें झाल्यावरहि ज्या संस्थेंत काम करावयाचें, तिनें आपला स्वतंत्र अधिकारपत्र दिल्यावांचून सही चालत नाहीं. आणि मागील दोन वर्षांत सहा महिन्यांचें काम नसेल, तर परवाना पेटींतच राहतो.

इतका काटेकोरपणा कशासाठीं, असें ताईनें विचारलें, तेव्हां मीं तिला १९९० च्या जूनमधील गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची कांच सतरा हजार फुटांवर निखळून पडली. कप्तान कंबरेपर्यंत बाहेर फेंकला गेला; सहकाऱ्यांनीं त्याला धरून ठेविलें आणि सहवैमानिकानें विमान साउदम्प्टनला उतरविलें. कप्तानासह सारे वांचले, हें नवलच. त्याआधींच्या एका रात्रपाळींत ती कांच नवी बसविली होती. ९० बोल्टांपैकीं ८४ एक मिलिमीटरहूनहि कमी फरकानें बारीक होते, उरलेले सहा आंखूड. बसविणारा परवानाधारक आणि अनुभवी होता. भांडारांतील माणसानें योग्य क्रमांक सुचविला असतांहि त्यानें पुस्तक न पाहतां जुना बोल्ट समोर धरून नजरेनें जुळणी केली होती. ताई बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मंडईंत आम्ही तेंच करतों."

आमच्या घरची अडचण मात्र निराळी होती. टाइप रेटिंगचा खर्च लाखांच्या घरांत जातो. कांहीं ठिकाणीं संस्था आपल्या माणसास शिकविते; पुष्कळ ठिकाणीं उमेदवारानें तें आधीं मिळवून यावें, अशी अपेक्षा असते. एका मध्यस्थानें भाच्यास सांगितलें, पैसे भर, बाकी मी पाहतों. ताईनें पाटल्या काढून टेबलावर ठेविल्या होत्या. मीहि, खरें सांगावयाचें तर, मोडा म्हणण्याच्या बेतांत होतों. पोरगा म्हणाला, "मामा, नुसता वर्ग करून काय करूं? हाताखालीं विमान नसेल, तर वहींत लिहूं काय? आणि वही कोरी, तर मला सहीला बसवील कोण?"

पाटल्या परत कपाटांत गेल्या. त्यानें मुंबईस एका लहान हँगरमध्यें उमेदवारी धरली. रात्रपाळी, पगार बेताचा, पहिलें वर्ष चाकें आणि तेल यांतच गेलें. संस्थेनें त्यास ए.टी.आर.च्या वर्गास तिसऱ्या वर्षीं पाठविलें.

परवां तो सुट्टीस आला होता. त्याची पहिली भरलेली वही त्यानें आईकडे ठेवावयास दिली. पानोपानीं केलेलें काम, तारीख आणि शेजारीं कोणा वडीलधाऱ्याची सही. ताईनें ती चाळून पाहिली, समजलें कांहींच नाहीं, आणि पाटल्यांच्या डब्यावर ठेवून कपाटास कुलूप लाविलें.