रोजचं इंग्रजी : भाग ९ – 'टेक' आणि आपलं 'घेणं'

ब्लाउज सैल झाला की आपण शिंप्याला म्हणतो, "कमरेत थोडा आत घ्या." लंडनमधली बाई तिच्या शिंप्याला हेच सांगते : 'टेक इट इन.' पँट लांब झाली तर आपण "दोन बोटं वर घ्या" म्हणतो. तिथे 'टेक इट अप' म्हणतात. कापड, कात्री आणि सुई सगळीकडे सारखीच, म्हणून बोलणंही सारखं निघालं.

मागच्या आठवड्यात आपण 'पुट' पाहिलं. आज 'टेक'. 'टेक इन', 'टेक ऑन', 'टेक ओव्हर' अशी पन्नास जोड्यांची यादी वहीत उतरवून पाठ करणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. परीक्षा संपली की यादीही संपते. माझं म्हणणं असं, की 'टेक'च्या बाबतीत मराठी माणसाने यादीपासून नव्हे, 'घेणे'पासून सुरुवात करावी.

करून पाहा. शब्द मागे घेणं म्हणजे 'टेक बॅक' : 'आय टेक बॅक माय वर्ड्स.' काम अंगावर घेणं म्हणजे 'टेक ऑन' : 'शी टूक ऑन टू मच वर्क.' 'ऑन' म्हणजे वर, अंगावर. भार अंगावर आला. दुकानाचा किंवा कारखान्याचा ताबा घेणं म्हणजे 'टेक ओव्हर'. एखादा छंद हाती घेणं म्हणजे 'टेक अप'. जमिनीवर पडलेली वस्तू उचलून हातात घ्यावी, तसं. फळ्यावरचं किंवा कुणी सांगितलेलं उतरवून घेणं म्हणजे 'टेक डाउन'. 'उतरवणे' आणि 'डाउन' यांतली दिशासुद्धा एकच आहे, हे लक्षात आलं का?

म्हणजे शोधायचं काय, तर दिशा. मराठीत क्रियापदाला मदतीला दुसरं क्रियापद येतं आणि रंग बदलतो : बोलून घेतलं, बोलून टाकलं, बोलून दाखवलं, बोलून बसला. 'बोलणे' तेच, पण चार माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात. इंग्रजीत ही मदत 'अप', 'ऑफ', 'इन', 'आउट' हे छोटे शब्द करतात. ते आधी जागा आणि दिशा दाखवतात, मग त्या दिशेवरूनच पुढचे अर्थ फुटतात.

'ऑफ'चंच घ्या. 'ऑफ' म्हणजे चिकटलेलं सुटणं. बूट पायापासून सुटले : 'टेक ऑफ युअर शूज.' विमान जमिनीपासून सुटलं : 'द प्लेन टूक ऑफ.' माणूस कामापासून एक दिवस सुटला : 'टेक अ डे ऑफ.' पाळीत काम करणाऱ्या आपल्या परिचारिका आणि सुरक्षारक्षक "उद्या माझा ऑफ आहे" म्हणतात, तो हाच 'ऑफ'. तीन अर्थ पाठ करायला नकोत, एक चित्र पुरे.

ही अडचण आपल्याच वाट्याला आली असं कुणी समजू नये. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. परदेशी माणसाला सर्वांत जड जातात त्या याच जोड्या, असं त्यांनी प्रस्तावनेत नोंदवलं आहे. त्यांनी तिथे दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ'ही आहे, पण अर्थ दिला आहे तो नक्कल करणे! राइट बंधूंचं विमान 1903 साली उडालं; त्यानंतर त्याच जोडीला विमानाचा अर्थ मिळाला. नक्कल करणे हा अर्थ अजूनही ब्रिटनमध्ये चालतो. जोडी जुनी असली तरी तिला नवे अर्थ फुटत राहतात.

काही ठिकाणी मात्र 'घेणे' उपयोगी पडत नाही. मुलगी आईच्या वळणावर गेली : 'शी टेक्स आफ्टर हर मदर.' बाळाला मावशीचा लळा लागला : 'द बेबी टूक टू हर.' मी फसलो : 'आय वॉज टेकन इन.' अशा जोड्या थोड्या आहेत. त्या अख्ख्या वाक्यासकट, आपल्या घरातल्या माणसांची नावं घालून लक्षात ठेवाव्यात.

आता एक नियम, कारण चुका इथेच होतात. 'टेक ऑफ युअर शूज' आणि 'टेक युअर शूज ऑफ' ही दोन्ही वाक्यं बरोबर. पण 'शूज'ऐवजी 'देम' आलं, की ते मध्येच बसतं : 'टेक देम ऑफ.' 'टेक ऑफ देम' चूक. कारण उच्चारात आहे. या जोडीत जोर 'ऑफ'वर पडतो, आणि 'देम', 'इट' हे हलके शब्द त्याच्यामागे शेवटी टिकत नाहीत. मोठ्याने म्हणून पाहा, कानाला पटेल. 'टेक आफ्टर' आणि 'टेक टू' मात्र फुटत नाहीत. तिथे 'शी टेक्स आफ्टर हर' असंच म्हणायचं.

या आठवड्याचा सराव. पुढची वाक्यं 'टेक' वापरून इंग्रजीत करा :

१. पडदे खाली काढ, धुवायचे आहेत.
२. नव्या साहेबांनी सोमवारी कारभार ताब्यात घेतला.
३. निवृत्तीनंतर बाबांनी बागकाम हाती घेतलं.
४. घरात टोपी कशाला? काढ ती.
५. मुलगा अगदी मामाच्या वळणावर गेलाय.

लिहिण्याआधी प्रत्येक वाक्यातली वस्तू किंवा माणूस कुठून कुठे सरकतो आहे, ते डोळ्यांपुढे आणा. जोडी आपोआप सुचेल. पाचव्या वाक्यात काहीच सरकत नाही, तिथे आठवणीवर भिस्त ठेवा. उत्तरं पुढच्या भागात, 'गिव्ह'सोबत. तोवर शिंप्याकडे गेलात, तर त्याची भाषा जरा कान देऊन ऐका.